आलेखावर न उमटलेली वस्ती

विद्यापीठातले सहकारी तिला पाठीमागे ‘सरासरीबाई’ म्हणत, आणि हे तिला ठाऊक होते. नाव ठेवणारा रसायनशास्त्राचा एक मिश्कील प्राध्यापक होता. तो म्हणे, या बाईंना आपले नाव सांगून उपयोग नाही. आपल्यासारखे एकूण किती आहेत एवढेच त्या विचारतात. तिला या थट्टेचा राग येत नसे. आपल्या आयुष्याचे वर्म कोणीतरी, हसतहसत का होईना, ओळखले असे तिला वाटे.

काळजी हा तिच्या माहेरचा वारसा होता. वडील पाण्याचे पंप दुरुस्त करत आणि सतत फिरतीवर असत. त्यांना यायला उशीर झाला की आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राही आणि रस्त्यावर काय काय घडू शकते ते मनातल्या मनात घडवत राही. “मन चिंती ते वैरी न चिंती,” असे आईच म्हणे आणि आईच चिंतत बसे. मुलगी तिच्या शेजारी उभी राहून तेच शिकली. वडील दरवेळी सुखरूप येत, पण त्यामुळे काळजी कमी होत नसे. आज आले, उद्याचे काय, हा प्रश्न शिल्लकच राही.

शाळेच्या शेवटच्या वर्गात भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी बंद भांड्यातल्या वायूविषयी शिकवले. त्यातला एखादा कण पुढच्या क्षणी कुठे असेल हे कोणीही सांगू शकत नाही, पण सगळे कण मिळून भांड्यावर किती दाब देतील हे अचूक सांगता येते, असे ते म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले. त्या मुलीला मात्र आपल्याला कोणीतरी एक मोठी सवलत दिली असे वाटले. एकाचे भविष्य सांगता येत नाही; असंख्यांचे येते. या वाक्याने तिला जो धीर दिला तो घरात कोणाला देता आला नव्हता. तिने सांख्यिकी भौतिकी निवडली ती बुद्धीने, असे ती मुलाखतींत सांगे. खरे म्हणजे तिने ती आसऱ्यासाठी निवडली होती, आणि यात काही गैर नाही. बहुतेक माणसे आपले शास्त्र याच कारणाने निवडतात. ती कबूल करत नाहीत इतकेच.

तिचे संशोधन चुंबकांपासून सुरू झाले. चुंबक तापवत नेला तर एका ठरावीक तापमानाला त्याचे चुंबकत्व एकाएकी नाहीसे होते. आतला प्रत्येक सूक्ष्म कण फक्त शेजाऱ्याकडे बघून आपली दिशा ठरवतो. साऱ्या चुंबकाची खबर कोणालाच नसते, आणि तरी सगळे एकदम बदलतात. तिचे मार्गदर्शक, ज्यांना ती आणि सारा विभाग नुसते ‘सर’ म्हणत असे, उंच, किडकिडीत आणि खडूने माखलेल्या बाहीचे गृहस्थ होते. हे गणित शहरालाही लागू पडेल असे पहिल्यांदा त्यांच्या मनात आले. माणसे म्हणजे अणू नव्हेत, असा आक्षेप कोणी घेतला की ते म्हणत, “ते मला माहीत आहे हो. पण गर्दी झाली की माणसंच ते विसरतात.”

गुरू-शिष्या दोघेही मग चुंबक सोडून शहरांकडे वळले. प्रथम वाहतूक कोंडी, नंतर वस्त्यांची वाढ, नंतर शहराच्या सेवा. विभागप्रमुखांनी विचारले की आपण भौतिकशास्त्र सोडून नगरपालिकेत लागलात का. आई त्याहून थेट बोलली. “एवढं शिकून रस्त्यावरच्या गाड्याच मोजायच्या होत्या, तर चौकात खुर्ची टाकून बसली असतीस. माझ्या डोळ्यांसमोर तरी राहिली असतीस.”

बरीच वर्षे या कामाला कोणी विचारत नव्हते. नंतर हळूहळू विचारू लागले, आणि रुग्णवाहिकांवरच्या लेखानंतर तर त्या दोघांचे नाव एका रेषेशी कायमचे जोडले गेले. ती रेषा सांगत होती की वस्तीची लोकसंख्या दुप्पट झाली तरी रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन दुप्पट होत नाहीत. काहीसे कमीच राहतात. म्हणजे माणसे जितकी एकवटतील तितकी सेवा माणशी स्वस्त पडते. अनेक शहरांच्या नोंदी घेऊन त्यांनी हे दाखवले. सरांच्या मते हा शहराचा निसर्गनियम होता.

इथे त्यांच्या कामाच्या रीतीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचे सगळे त्या रीतीतून घडले. काही वस्त्या शंभर माणसांच्या, काही लाखाच्या. साध्या कागदावर त्या एकत्र मांडता येत नाहीत, लहान वस्त्या कोपऱ्यात चिरडल्या जातात. म्हणून हे लोक प्रत्येक आकड्याचा लॉग, म्हणजे तो दहाचा कितवा घात आहे ते, घेतात. मग कागदावर दहा, शंभर, हजार हे टप्पे सारख्याच अंतरावर येतात आणि विखुरलेले ठिपके एका सरळ रेषेभोवती गोळा होतात. या कागदात एकच उणीव आहे. त्यावर शून्याला जागा नाही. एकाखाली दशांश, त्याखाली शतांश, असे कितीही खाली उतरले तरी शून्य येत नाही. ज्या वस्तीतून एकही फोन आला नाही तिचा ठिपका काढताच येत नाही, आणि संगणक तो न बोलता गाळून पुढे जातो. या शास्त्रात हे सर्वांना माहीत असते. शून्ये सगळेच गाळतात. ती गाळली असे लेखात एका ओळीत लिहिले की पुरते, आणि त्या दोघांनीही ती ओळ लिहिली होती.

शहराच्या नियोजन अधिकाऱ्यांनी तो लेख वाचला. ते शांत, अदबशीर, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते आणि भांडणांना कंटाळलेले होते. शहरात रुग्णवाहिकांची केंद्रे होती ती वर्षानुवर्षांच्या ओढाताणीतून उभी राहिलेली. ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात केंद्र. आता सूत्राप्रमाणे त्यांतली चार लहान केंद्रे बंद करून मोठ्या केंद्रांत विलीन करायची, असा प्रस्ताव त्यांनी तयार केला. “मॅडम, तुमच्या रेषेनं आमचं भांडणच मिटवलं,” असे ते म्हणाले. तिला अभिमान वाटला, आणि वाटायलाही हवा होता. न्याय म्हणजे अखेर वशिल्याच्या जागी नियम, असे ती मानत आली होती.

समितीच्या बैठकीसाठी अधिकाऱ्यांनी तिच्याकडे एक रंगीत नकाशा मागितला. सभासदांना रेषा कळत नाहीत, रंग कळतात, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक वस्तीत रेषेच्या हिशोबापेक्षा फोन जास्त असले तर तांबडा, कमी असले तर निळा. हे काम कोणावर सोपवण्याजोगेही नव्हते. एका दुपारी विद्यापीठातल्या आपल्या खोलीत बसून तिने ते स्वतःच केले. नकाशा पडद्यावर उमटला आणि त्यात पांढरी ठिगळे दिसली.

तिला वाटले, रंग भरण्यात चूक झाली. तिने पुन्हा भरले. ठिगळे तशीच राहिली, त्याच जागी. मग कारण तिच्या ध्यानात आले. रंग लेखासाठी गाळलेल्या यादीतूनच आले होते, पण नकाशाला लॉग लागत नाही. आलेखावर वस्ती गाळता येते. जमिनीवर ती गाळली तरी तिची जागा उरते. इतकी वर्षे त्या वस्त्या तिच्या कामात नव्हत्या, आणि त्या नाहीत हे दिसण्याची सोयही तिच्या कामात नव्हती.

तिने शून्ये परत घेऊन हिशोब पुन्हा मांडला. लॉगचा आधार न घेता तो करण्याची एक रीत आहे. किचकट आहे, पण आहे. लहान वस्त्यांत शून्ये जास्त होती. ती गाळल्यामुळे उरलेल्या लहान वस्त्या होत्या त्याहून जास्त गरजू दिसत होत्या, आणि त्यांच्या तुलनेत मोठ्या वस्त्या काटकसरी. नापासांच्या उत्तरपत्रिका फेकून द्याव्यात आणि शाळेचा निकाल चांगला लागला म्हणून सत्कार घ्यावा, तसे झाले होते. शून्ये घेताच रेषा ताठ झाली. लोकसंख्या दुप्पट, तर फोनही जवळजवळ दुप्पट. माणशी सेवा स्वस्त होते ही गोष्टच उरली नाही. निसर्गनियम म्हणून ज्याची ओळख होती तो गाळणीचा आकार होता.

तिने ती आकडेमोड बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. बैठक पुढच्या आठवड्यात होती.

पांढऱ्या ठिगळांपैकी एक मात्र लहान नव्हते. टेकडीच्या पायथ्याची ती वस्ती काही हजार माणसांची होती. लहान वस्तीत वर्षभरात एकही फोन न येणे हा योगायोग असू शकतो. इतक्या माणसांत कोणाचेच काही दुखले नाही, हे चमत्कारात मोडते, आणि तिच्या शास्त्रात चमत्काराला स्थान नव्हते. तेव्हा ती आयुष्यात जे कधी केले नव्हते ते करायला निघाली. ज्या वस्तीचा आकडा आपल्यासमोर आहे तिथे जाऊन यायचे.

गल्ल्या अरुंद होत्या. दोन्ही हात पसरले असते तर दोन्हीकडच्या भिंतींना लागले असते. एका उंबऱ्यावर शिवणयंत्र ठेवून एक बाई काम करत होती. नीटनेटकी साडी आणि खांद्याला पिशवी पाहून तिने ही पाणी खात्याची अधिकारी असे धरले आणि नळाच्या वेळेवरून तिची चांगली खरडपट्टी काढली. पाहुणीने तीही ऐकून घेतली. मग तिने विचारले की इथे कोणी अचानक आजारी पडले तर अँब्युलन्सला फोन करत नाही का.

“करून काय उपयोग? ती इथं शिरणार कशी, आडवी होऊन?” बाईने यंत्र थांबवले नाही. “आम्ही हातगाडीवर घालतो आणि बाजारातल्या केंद्रावर नेतो. दाराशी गेलं की नाही कसं म्हणतील?”

“आणि तिथे पत्ता कुठला लिहितात?”

“तुम्ही पाण्याच्या ना? मग ते तुम्हाला कशाला?” ती म्हणाली, आणि मग जरा दमाने, “लिहीत असतील त्यांचाच. माणूस तिथूनच उचलला ना त्यांनी.”

बाजारपेठेचा तो भाग तिला चांगला माहीत होता. रहिवासी मूठभर आणि फोन भरमसाट. रेषेच्या पार वर लटकलेला एकटा ठिपका. प्रत्येक व्याख्यानात ती तो दाखवत असे आणि ‘हा गोंगाट आहे, याकडे लक्ष देऊ नका’ असे म्हणत असे. श्रोते हसत. केंद्राच्या दाराशी आणलेला माणूसही नोंदीत फोन म्हणूनच चढत होता; वस्तीतले सगळे आजारी त्या ठिपक्यात होते. आणि मूठभर रहिवाशांसाठी केंद्र कशाला, या हिशोबाने जी चार केंद्रे बंद व्हायची होती त्यांत बाजारातले केंद्र पहिले होते. ते नदीपलीकडच्या मोठ्या केंद्रात विलीन होणार होते. हातगाडी पुलापर्यंत पोचायला किती वेळ लागेल हे तिने परत येताना चालून पाहिले. आकडा तिने कोणाला सांगितला नाही.

वस्तीतून ती थेट सरांच्या घरी गेली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. रेषेवर नाव मात्र प्रथम त्यांचे होते आणि मग तिचे. त्यांनी सगळे ऐकले आणि नकाशा चष्मा वर करून पाहिला.

“शून्यं सगळेच गाळतात,” ते म्हणाले. “लॉग घेणार कसा?”

“हो, सर. पण बाकीच्यांच्या रेषेवर कोणी केंद्र बंद करत नाही.”

“पुढच्या लेखात तळटीप देऊ. सविस्तर देऊ.”

“बैठक मंगळवारी आहे.”

त्यावर ते जे बोलले ते क्षुद्रपणाचे नव्हते, आणि म्हणूनच तिला ते झटकून टाकता आले नाही. त्यांचे म्हणणे असे की या शहराला आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मिळाला आहे. आज तू उभी राहून तो चुकला म्हणालीस, तर उद्या कोणीही म्हणेल की यांचे सगळेच चुकले. सूत्र गेले की पुन्हा जुने राज्य. मोठ्या आवाजाचे लोक केंद्रे ओढून नेतील, आणि टेकडीखालच्यांचा आवाज किती आहे ते तू आजच ऐकून आली आहेस. चुकीचा नियम दुरुस्त करता येतो. मोडलेला विश्वास करता येत नाही.

“तू पहिल्यापासून घाबरट,” ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

“घाबरटच आहे, सर. म्हणून तर तुमच्याकडे आले.”

ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. पूर्वी नेहमी येत.

घरी तिचा नवरा टेबलावर कच्ची मुद्रिते पसरून बसला होता. तो एका छापखान्याचा मुद्रितशोधक होता; दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर त्याचे पोट होते आणि त्याबद्दल त्याला जराही गर्व नव्हता. लग्नानंतर बायकोच्या काळजीची त्याला इतकी सवय झाली होती की ती शांत बसली तर त्याला चैन पडत नसे. तिने सगळे सांगितले. सांगता सांगता ती गॅसची कळ बंद आहे का ते दोनदा पाहून आली. तिला खरी भीती कशाची वाटते, हे तिलाच नीट सांगता येईना. नाव जाईल याची होती, हे तिने कबूल केले. सरांना म्हातारपणी दुःख होईल याची होती. त्याहून मोठी भीती ही, की आपण हे न बोललो तर कोणालाही कधी कळणार नाही. हातगाडीवरच्या माणसाचे काय झाले ते कुठल्याही नोंदीत येणार नाही, कारण आतापर्यंतही आले नव्हते. काळजी करायला आई दाराशी तरी उभी राहत होती. इथे दारच नव्हते.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. “छापून झालंय का?”

“लेख झालाय. ठराव नाही.”

“मग ठरावापुरतं अजून मुद्रित आहे. छापायच्या आधी सापडली तिला आम्ही चूक म्हणत नाही, काम म्हणतो.”

“अहो, तुमचं एक अक्षर बदललं की झालं. मी काय बदलू? जुनं चूक आहे एवढंच मला कळलंय. बरोबर काय ते माहीत नाही.”

त्याने पेन्सिल पुन्हा उचलली आणि मुद्रिताच्या कडेला एक प्रश्नचिन्ह काढले.

दुसऱ्या दिवशी तिने नियोजन अधिकाऱ्यांना फोन केला. ते अदबीने ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले की निष्कर्ष बदलला आहे की नुसता आकडा. आकडा बदलला असेल तर नवा पाठवा, रातोरात तक्ता दुरुस्त करून घेऊ. तिने सांगितले की नवा आकडा नाही. कारण टेकडीखालच्या वस्तीच्या नोंदी मुळातच खोट्या जागी पडलेल्या आहेत, आणि तशा आणखी किती असतील हे नोंदींकडे बघून कळणार नाही. अधिकारी वाईट नव्हते. मात्र प्रशासन म्हणजे रिकामी चौकट सहन न करणारी गोष्ट आहे. तिच्यात बरोबर आकडा नसेल तर चुकीचा बसतो, पण बसतोच. ते म्हणाले, मग आपण बैठकीला या आणि हे स्वतः सांगा. त्यांनी हे सौजन्याने म्हटले की स्वतःला मोकळे करून घेण्यासाठी, ते तिला कधीच उमगले नाही.

मंगळवारी समितीच्या लांबट खोलीत ती बोलायला उभी राहिली. समोरच्या भिंतीवर तिचाच नकाशा लावलेला होता. तिने शास्त्र टाळले. ती म्हणाली की पांढऱ्या जागा म्हणजे माणसे नसलेल्या जागा नव्हेत. तिथले लोक बोलावत नाहीत, कारण बोलावून गाडी येत नाही. आणि ते बोलावत नाहीत म्हणून माझ्या रेषेने ठरवले की त्यांना गरज नाही. या रेषेवर कोणतेही केंद्र बंद करू नये. मी ती मागे घेते.

अध्यक्षबाई चष्म्यावरून पाहत होत्या. त्या एका जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना सरळ उत्तरांची सवय होती.

“मॅडम, रेष चुकली हे समजलं. मग किती केंद्रं लागतात ते सांगा.”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाजे सांगितलं तर तुम्ही तोच धराल.”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले की इतकी वर्षे हेच शिकवता का मग. दोघेतिघे हसले. ती बसली नाही. बसलो तर आपण अंदाज सांगून मोकळ्या होऊ, असे तिला वाटत होते.

समितीने जे ठरवले ते मूर्खपणाचे नव्हते, दुष्टपणाचेही नव्हते. अशा ठरावांची हीच अडचण असते. बाजारातले केंद्र नवा आकडा येईपर्यंत जिथे आहे तिथेच राहील, कारण त्याच्याविषयी मॅडमनी प्रत्यक्ष पाहून सांगितले आहे. बाकीच्या तीन केंद्रांविषयी कोणी काही पाहिलेले नाही. तेव्हा ती तीन, नवा आकडा येईपर्यंत, प्रस्तावाप्रमाणे विलीन होतील. आकडा देण्याचे काम मॅडमकडेच.

ती बाहेर आली तेव्हा दाराशी थांबलेल्या नवऱ्याने ठराव ऐकला आणि त्याला आधी आनंदच झाला. एक तरी वाचले, म्हणाला. मग तो थोडा विचार करून म्हणाला, “म्हणजे तू आकडा दिलाच नाहीस, तर ते केंद्र कायमचं राहील. देऊ नकोस.”

ती तोवर तेच उलगडत होती. आकडा दिला नाही, तर बाजारातले केंद्र राहील आणि तीन जातील ती गेलीच. दिला, तर ती तीन परत येऊ शकतील, पण बाजारातले पुन्हा तराजूत जाईल. वस्तीतल्या माणसांनी खरे सांगितले नाही, विसरले, भीतीने लपवले, तर आकडा लहान येईल, आणि या वेळी तो तिने स्वतः, डोळे उघडे ठेवून लहान केलेला असेल. पूर्वी जे संगणकाने न बोलता गाळले ते आता तिच्या हातून गळणार होते. शास्त्राने तिला आयुष्यभर जी सवलत दिली होती, की एकाचे सांगावे लागत नाही, ती तिच्याकडून परत घेतली गेली होती.

नियतकालिकाला लेख मागे घेण्याचे पत्र तिने लिहिले. दोन्ही लेखकांची संमती लागते, असे उत्तर आले. सरांनी होही म्हटले नाही आणि नाहीही. त्यांनी फोन उचलणे बंद केले. तेव्हा तिने एकटीच्या नावाने, आपल्याच लेखावर आक्षेप घेणारे टिपण पाठवले. रसायनशास्त्राचा प्राध्यापक जिन्यात भेटला आणि म्हणाला, “बाई, स्वतःशी भांडायला तुम्हाला मासिक लागलं?” ती हसली. घरापेक्षा विद्यापीठात तिला हसणे सोपे जाऊ लागले होते.

शनिवार-रविवार ती आता पांढऱ्या ठिगळांत जाते. नकाशा पिशवीत असतो, पण दारात उभी राहिल्यावर ती तो काढत नाही. गेल्या वर्षभरात या घरात कोणाला उचलून न्यावे लागले का, आणि कुठे नेले, एवढेच ती विचारते. काही लोक तिला खुर्ची देतात, काही दार लावून घेतात. बंद झालेल्या तीन केंद्रांपैकी एकाजवळच्या वस्तीत एक म्हातारा कठड्यावर बसला होता. त्याने सांगितले की इथे कोणी आजारी पडले नाही. चांगले वर्ष गेले. वस्ती लहान होती. असे होऊ शकते, तिच्या शास्त्राप्रमाणे होऊ शकते.

“कोणीच नाही, आजोबा?”

“नाही म्हणतोय ना, बाई.”

त्याच्या आवाजात शंका घेण्यासारखे काही नव्हते. तो खरे बोलत असेल तर हे शून्य खरे होते आणि ते शून्य म्हणूनच मांडले पाहिजे होते, मग त्याने केंद्र परत येण्याची शक्यता कमी झाली तरी. तिने त्याचे आभार मानले. म्हाताऱ्याने तोंड फिरवून रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली. तिला निघता येईना. अखेर तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि शेजारचे दार वाजवले.